डुकरिणीचे कृत्रिम रेतन : गोठवलेल्या वीर्याची तऱ्हा वेगळी



डुकराचं नाव काढलं की आपल्यातली काही मंडळी तोंड फिरवतात. फिरवू देत. ज्यांच्या दारी दोन-चार माद्या आहेत, त्यांना एक माज वाया जाणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. पुढच्या माजापर्यंत २१ दिवस मादीला नुसतं खाऊ घालायचं.

गाईला गोठवलेल्या वीर्याची कांडी भरतात, मग डुकरिणीला का नाही, असं पुष्कळजण विचारतात. डुकराच्या शुक्रजंतूचं बाहेरचं आवरण थंडीला फार हळवं असतं. १५ अंशांच्या खाली ते एकाएकी गेलं की आवरण बिघडतं आणि जंतू निकामी होतो. म्हणून ताजी, पातळ केलेली रेतमात्रा १७ अंशांच्या आसपास ठेवतात. ती घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. दूध टिकतं म्हणून वीर्य टिकेल, हा हिशेब इथे चालत नाही.

गोठवायचंच झालं तर वीर्यात काही पदार्थ मिसळावे लागतात. अंड्याचा पिवळा बलक आवरणाला थंडीच्या धक्क्यापासून सांभाळतो. ग्लिसरीन पेशीत बर्फाचे स्फटिक होऊ देत नाही. त्याचा हा गुण १९४९ साली इंग्लंडमध्ये कळला, तोही कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना. पण डुकराच्या शुक्रजंतूला ग्लिसरीन जास्त झालं तर तेच बाधतं. बैलाच्या वीर्यात ते शेकडा ६-७ चालतं, इथे शेकडा २-३ वरच थांबावं लागतं. वितळवल्यावर ग्लुटाथायोन, ई जीवनसत्त्व असले पदार्थ घालून पाहिले आहेत. गोठण्या-वितळण्यात जी घातक ऑक्सिडीकरणाची क्रिया होते, तिला ते आवर घालतात. चहा-कॉफीतलं कॅफीनही वापरून पाहिलं आहे. त्याने जंतूंची हालचाल वाढते आणि गर्भाशयातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, तेही कमी होतं.

मात्र हे सारं प्रयोगशाळेत मोजून-मापून करायचं काम आहे. कोणी ऐकीव माहितीवर मात्रेत ग्लिसरीन नाहीतर कॉफी मिसळा म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि कितीही पदार्थ घातले, तरी वितळवलेला जंतू ताज्यासारखा दमदार राहत नाही. मादीच्या अंगात ताजा जंतू साधारण दिवसभर कामाचा राहतो, वितळवलेला काही तासच. त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण घटतं, पिल्लंही कमी होतात. एका वेळेला जंतूही कितीतरी जास्त भरावे लागतात. लांबच्या उत्तम नराचं रक्त आणायचं असेल तर गोठवलेलं वीर्य ठीक. रोजच्या पैदाशीला माझं मत ताज्या मात्रेकडेच आहे.

वेळ साधणं तुमच्या हाती आहे. सकाळ-संध्याकाळ मादीच्या पाठीवर हाताने दाब द्या. कान टवकारून ती खांबासारखी उभी राहिली की माज खरा. ती वेळ भिंतीवर खडूने लिहा. बीज माजाच्या उत्तरार्धात सुटतं, बहुधा उभी राहू लागल्यापासून दीड दिवसाच्या पुढे. ताजी मात्रा १२ ते २४ तासांनी भरून पुन्हा १२ तासांनी दुसरी भरावी. गोठवलेली मात्र बीज सुटण्याच्या अगदी जवळ भरावी लागते, म्हणून खडूची ती वेळ पशुवैद्यकाला आल्याबरोबर दाखवा. रेतनानंतर १८ व्या दिवसापासून पुन्हा पाठीवर दाब देऊन पाहायला लागा.