एका रात्रीचा रहिवासी



अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टनहून उत्तरेला दीड तास गाडी हाकली की लिव्हिंग्स्टन लागतं. पोल्क काउंटीचं हे मुख्य ठिकाण. भोवती पाइनची झाडी, जवळच एक मोठा जलाशय, वस्ती जेमतेम पाच-सहा हजारांची. पण या गावाचा पत्ता ज्यांच्या वाहन परवान्यावर आहे, ज्यांची गाडी इथल्या दप्तरी नोंदलेली आहे, अशी हजारो माणसं गावात शोधूनही सापडणार नाहीत. कुणी ॲरिझोनाच्या वाळवंटात थंडी काढत असेल, कुणी अलास्काच्या वाटेवर असेल. ही माणसं मोटरहोममध्ये राहतात. घर विकलेलं, सामान वाटून टाकलेलं. स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर चाकांवर. आज त्यांच्या पत्त्याची गोष्ट सांगायची आहे.

आपल्याला वाटेल, फिरणाऱ्याला पत्ता हवा कशाला? तर अमेरिकेत माणूस देशाचा नागरिक असला तरी रोजच्या व्यवहारात तो कुठल्या तरी एका राज्याचा असावा लागतो. वाहन परवाना राज्य देतं, गाडीची नोंदणी राज्य करतं. आयकर केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा. मतदार यादी काउंटीची. मृत्युपत्र कुठल्या कायद्यानं वाचायचं तेही राज्यच ठरवतं. घर विकलं की हे सगळे धागे एकदम लोंबकळतात, आणि मग प्रश्न येतो, आपण कुठले? घरात राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण उत्तर दारावरच्या पाटीवर असतं. मोटरहोमवाल्याला ते निवडावं लागतं. पन्नास राज्यांतून एक.

लिव्हिंग्स्टनला हा मान मिळाला तो जो आणि के पीटरसन या जोडप्यामुळे. कायमचं फिरतं आयुष्य पत्करलेल्या या दोघांनी १९७८ साली ‘एस्केपीज’ नावाचा क्लब काढला. फिरणाऱ्यांची पहिली अडचण होती टपालाची. पेन्शनचा कागद, बँकेचं पाकीट, नातवाचं पत्र हे सगळं पोचवायचं कुठं? क्लबनं लिव्हिंग्स्टनला टपाल घ्यायला सुरुवात केली, आणि हे काम इतकं वाढलं की त्यांच्या टपालासाठी आज स्वतंत्र पिनकोड आहे.

व्यवस्था साधी आहे. सभासद टपाल खात्याचा १५८३ नंबरचा फॉर्म नोटरीसमोर भरतो आणि लिहून देतो, की माझं टपाल या संस्थेनं माझ्या वतीनं घ्यावं. त्याला रस्त्याचं नाव आणि स्वतःचा पेटी क्रमांक मिळतो. पाकिटं त्या क्रमांकाच्या कप्प्यात साठत जातात. मग सभासद कळवतो, पुढच्या आठवड्यात मी अमुक गावच्या पोस्टात येतोय, तिथं पाठवा. आणि सगळा गठ्ठा एका मोठ्या लिफाफ्यातून तिकडं रवाना होतो. सुरुवात टपालापासून झाली, पण कायमचा टपालाचा पत्ता मिळाल्यावर माणसं त्याच पत्त्यावर परवाना काढू लागली, गाडी नोंदवू लागली, मतदानाला नाव घालू लागली. टपालपेटीचं हळूहळू गाव झालं.

टेक्सासच का चाललं? एक कारण उघड आहे. टेक्सास पगारावर किंवा पेन्शनवर राज्याचा आयकर घेत नाही. फ्लोरिडा, साउथ डकोटा, नेवाडा, वायोमिंग अशी आणखीही काही राज्यं घेत नाहीत. त्यामुळे मोटरहोमवाल्यांच्या गप्पांत तीन नावं पुन्हापुन्हा येतात: टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा.

यातलं साउथ डकोटा सगळ्यात मजेशीर. उत्तरेकडचं कडाक्याच्या थंडीचं राज्य, लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. फिरत्या माणसाला वाहन परवाना देताना हे राज्य काय मागतं? राज्यातल्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर किंवा हॉटेलात एक रात्र काढल्याची पावती. गेल्या वर्षभरातली एक पावती, स्थानिक टपालसेवेचा पत्ता आणि एक प्रतिज्ञापत्र. पावतीवर नाव, तारीख आणि मुक्कामाची जागा नीट वाचता आली की काम झालं. परवाना पाच वर्षांचा मिळतो. आपल्याकडे महाराष्ट्राचं डोमिसाइल काढायला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे घेऊन सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहावं लागतं. ते ज्यांनी केलंय, त्यांना ही एका रात्रीची पावती वाचून हसावं की रडावं कळणार नाही.

पण अनुभवी मोटरहोमवाले सांगतात, की नुसता आयकर बघून राज्य निवडू नका. पहिलं बघा ते वय. पासष्टी उलटलेल्याला केंद्राचं मेडिकेअर मिळतं, आणि मूळ मेडिकेअर देशभर चालतं. पासष्टीच्या आतल्या माणसाला स्वतःचा आरोग्यविमा घ्यावा लागतो, आणि तो पत्त्याच्या काउंटीप्रमाणे मिळतो. काही विम्यांचं जाळं असं असतं, की तातडीचा उपचार सोडला तर राज्याच्या हद्दीबाहेर ते उपयोगाचं नाही. पत्ता साउथ डकोटाचा, मुक्काम कॅलिफोर्नियात आणि गुडघा दुखायला लागला, तर आयकरात वाचवलेले पैसे एका तपासणीत जातात. म्हणून पन्नाशीत रस्त्यावर उतरलेली जोडपी आधी विम्याचे कागद वाचतात, कराचं कोष्टक नंतर उघडतात. त्यानंतर गाडीचा विमा, नोंदणीची फी आणि परवान्याचा वर्ग. टेक्सासमध्ये २६,००० पौंडांहून जड मोटरहोम चालवायला साधा मोटारीचा परवाना पुरत नाही, वरच्या वर्गाचा काढावा लागतो, त्याची परीक्षा द्यावी लागते.

आता कायद्याकडे येऊ. अधिवास, म्हणजे डोमिसाइल, ठरायला दोन गोष्टी एकत्र लागतात: त्या जागी प्रत्यक्ष जाणं, आणि तेच आपलं घर मानण्याचा इरादा. एका वेळी माणसाचा अधिवास एकच. नवा पक्का होईपर्यंत जुना सुटत नाही. यातली पहिली गोष्ट पावतीनं सिद्ध होते. इरादा कसा सिद्ध करायचा? तो बारीकसारीक खुणांवरून ठरतो. दंतवैद्य कुठला, बँक कुठली, मृत्युपत्र कुठं केलं, जुन्या गावी भाड्याची गोदामखोली ठेवलीय का, मासेमारीचा स्थानिक परवाना अजून चालू आहे का. फ्लोरिडात तर अधिवासाचं रीतसर घोषणापत्र काउंटीच्या न्यायालयीन कारकुनाकडे नोंदवता येतं. जुनं राज्य मात्र सहजी सोडत नाही. एके काळी काही राज्यं सोडून गेलेल्यांच्या पेन्शनचाही पाठलाग करत. तू ते कमावलंस ते आमच्याकडे नोकरी करून, तेव्हा कर आमचा, असा त्यांचा दावा. १९९६ साली अमेरिकी संसदेनं कायदा करून हे थांबवलं. आज लिव्हिंग्स्टनचा पत्ता घेणाऱ्या निवृत्त शिक्षकाला त्या कायद्याचं नावही ठाऊक नसेल, पण त्याची निवड त्यावरच उभी आहे.

इरादा ठरवणं किती अवघड, याचे दोन नमुने प्रसिद्ध आहेत. कॅम्पबेल सूप कंपनीचे जॉन डॉरन्स १९३० साली वारले. त्यांचं एक घर न्यू जर्सीत, एक पेन्सिल्व्हेनियात. दोन्ही राज्यांच्या न्यायालयांनी आपापल्या परीनं तपासलं आणि दोन्हींनी निकाल दिला, की हे आमचेच. वारसा कर दोघांनीही वसूल केला. अधिवास एकच असतो असं म्हणणाऱ्या कायद्यात एक माणूस दोनदा वारला! दुसरे हॉवर्ड ह्यूज. १९७६ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून ह्यूस्टनला नेताना ते विमानातच गेले. शेवटची अनेक वर्षं हॉटेलांत काढलेला हा अब्जाधीश कुठला, यावर कॅलिफोर्निया आणि टेक्सास भांडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अखेर तडजोडीनं मिटलं. श्रीमंतांच्या या भांडणांतून जे नियम घासूनपुसून निघाले, तेच आज पेन्शनवर जगणाऱ्या मोटरहोमवाल्याला लागू होतात.

यात पळवाटाही आहेत. मोंटाना राज्यात विक्रीकर नाही, म्हणून काही जण तिथं कागदावर एक कंपनी काढतात आणि महागडी मोटरहोम त्या कंपनीच्या नावानं घेतात. इतर राज्यांची महसूल खाती आता अशा मालकांच्या मागे लागतात. इथं तर माणूस रहिवासी झालेलाच नसतो, फक्त त्याची गाडी झालेली असते.

आणि आता मतदान. राज्यांना फिरत्या माणसाची नोंदणी फी चालते, वाहन कर चालतो, टपालसेवेमुळे गावात नोकऱ्या येतात त्याही चालतात. ही माणसं शाळा मागत नाहीत, रस्ते फारसे झिजवत नाहीत. पण मतदार यादीत नावं आली की कपाळावर आठी पडते. २००० साली पोल्क काउंटीत हजारो एस्केपीज सभासदांच्या मतदानाला आव्हान दिलं गेलं. इथं न राहणाऱ्यांनी आमचा शेरीफ का निवडायचा, हा सवाल होता. हक्क टिकला, पण सवाल संपला नाही. २०२१ साली टेक्सासनं कायदा केला, की व्यापारी टपालपेटीच्या पत्त्यावर नाव असेल तर राहत्या जागेचा पुरावा मागता येईल. २०२३ साली साउथ डकोटानं मतदार नोंदणीसाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. म्हणजे त्याच राज्यात परवान्यासाठी एक रात्र पुरे, मतासाठी मात्र महिना लागू लागला.

स्थानिकांची तक्रार अगदीच खोटी नाही. ज्या गावचं पाणी आपण पीत नाही, त्या गावच्या पाणीपट्टीवर मत देणं कुणालाही खटकेल. पण दुसरी बाजू अशी, की या माणसाला दुसरं कुठलंच मत नाही. इथलं नाव कापलं तर तो राष्ट्राध्यक्षालाही मत देऊ शकत नाही. शिवाय इरादा खोटाच असतो असंही नाही. एस्केपीजनं लिव्हिंग्स्टनमध्ये ‘केअर’ नावाचं केंद्र चालवलंय. गाडी चालवणं झेपेनासं झालं की वृद्ध सभासद तिथं आपलं मोटरहोम उभं करतात, त्यातच राहतात आणि जेवण, देखभाल केंद्राकडून मिळते. वीस वर्षं कागदावर लिव्हिंग्स्टनचा असलेला माणूस शेवटी खरोखर तिथला होतो.

आपल्या निवडणूक आयोगाची एक तरतूद इथं आठवते. बेघर माणसानं मतदार यादीत नाव मागितलं, तर राहत्या जागेचा कागद त्याच्याकडून मागत नाहीत. बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्यानं, रात्री त्या जागी जाऊन बघायचं, की माणूस खरंच तिथं झोपतो का. आणि एकाहून अधिक रात्री बघायचं. पुलाखाली, फलाटावर, जिथं असेल तिथं. अंमलबजावणी सगळीकडे सारखी होते असं नाही, पण जबाबदारी कुणाची, हे नियमानं नीट ठरवलंय. जागा शोधायला राज्यानं माणसाकडे जायचं, माणसानं पावती घेऊन राज्याकडे नाही.

मोटरहोमवाल्याचं झोपायचं ठिकाण रोज बदलतं, त्यामुळे हा नियम तिकडे जसाच्या तसा चालणार नाही. पण त्यामागचं तत्त्व चालेल. एका पावतीवर ज्याला राज्यानं आपला मानून फी घेतली, तो मत देण्यापुरताही आपला मानायला हवा. आणि एका रात्रीनं कुणी रहिवासी होत नाही असं राज्याला वाटत असेल, तर फी घ्यायच्या खिडकीवरही तेच सांगावं.