विमानाचं तिकीट कुणाच्या नावाचं?

(पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कामकरी बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

आजवर आपण रेशन, सातबारा, दारू, घरातली मारहाण यांवर बोलत आलो. आज मी विमानाबद्दल बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं. विमान म्हणजे पैसेवाल्यांचं, आपल्याला त्याचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. आणि आपल्यातल्या नऊजणी दिल्लीच्या बैठकीला विमानानं जायला निघाल्या, त्यातल्या आठच पोचल्या. नववी का पोचली नाही, हा माझा आजचा विषय.

आधी हे स्वस्त विमान म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या देशात २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली, तेव्हापासून हा प्रकार रुजला. एक रुपयात तिकीट, ही तिची जाहिरात गाजली होती. जाहिरातीत आर. के. लक्ष्मण यांचा धोतर-कोटातला सामान्य माणूस असायचा. पुढे स्पाइसजेट, इंडिगो वगैरे कंपन्या आल्या. एअर डेक्कन २००८ मध्ये किंगफिशरमध्ये विरून गेली आणि किंगफिशरही २०१२ मध्ये बंद पडली. म्हणजे या धंद्यात चढउतार फार. पण सामान्य माणूस मात्र विमानात बसायला लागला, हे खरं. माझा प्रश्न एवढाच की, सामान्य बाई कधी बसणार?

हे भाडं स्वस्त कसं होतं? कंपनी शक्यतो एकाच प्रकारची विमानं घेते, म्हणजे दुरुस्ती आणि शिकवणी सोपी जाते. विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबवते. जेवण, आवडीची खुर्ची, जास्तीचं सामान हे सगळं तिकिटातून काढून त्याचे वेगळे पैसे लावते. आणि पूर्वी कंपनीचा माणूस करायचा ती कामं आपल्याकडून करून घेते. घरी बसून फोनवर नोंद करा, पास उतरवून घ्या, पिशवी तोलून आणा. आता हे आपल्याला नवीन आहे का? कुणीतरी बिनपगारी राबतं म्हणून खर्च कमी दिसतो, हे घर चालवणाऱ्या बाईइतकं कुणाला कळणार?

दुसरी गोष्ट, विमानाचं भाडं एस.टी.सारखं ठरलेलं नसतं. साधारणपणे आधी काढलं तर स्वस्त, जाण्याच्या तोंडावर काढलं तर महाग. आता आपल्या घरातली रीत आठवा. पुरुषाला जायचं असलं की तो तारीख सांगतो. बाईला जायचं असलं की ती विचारते. मग सासूला बरं नाही, मुलाची परीक्षा आहे, बघू, सांगतो, असं करत शेवटच्या चार दिवसांत हो म्हटलं जातं. तोवर तीन-साडेतीन हजारांचं तिकीट सहा-सात हजारांवर गेलेलं असतं. मग घरचेच म्हणतात, एवढे पैसे कशाला घालवायचे, राहू दे. परवानगी उशिरा मिळण्याचा हा दंड बाईच भरते.

तुम्ही म्हणाल, मग रेल्वेनं जावं. रुपयांत मोजलं तर रेल्वे स्वस्त आहेच. पण दिल्लीला रेल्वेनं जायला एक दिवस, यायला एक दिवस, बैठकीचे दोन, असे चार दिवस. विमानानं तेच अडीच दिवसांत होतं. घरातून बाईला रजा किती मिळते? रोह्याच्या धाटाव वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्या बाईचा खाडा चार दिवसांचा झाला तर तिची जागा दुसरीला जाते. आपल्याकडे पैसा कमी असतो हे सगळे बोलतात. आपल्याकडे वेळ त्याहून कमी असतो, हे कुणी बोलत नाही. म्हणून स्वस्त विमान ही आपल्यासाठी चैन नाही.

प्रवास स्वस्त झाला की बायका बाहेर पडतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून माहेरी, दवाखान्यात, कोर्टात, बाजाराला एकट्या जाणाऱ्या किती जणी या मेळाव्यातच बसल्या आहेत! पण एस.टी. तुम्हाला नाव विचारत नाही. विमान विचारतं.

आता नवव्या बाईकडे येते. तिचं नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे आणि तिच्या परवानगीनं बोलते आहे. ती पेणजवळच्या एका गणपती कारखान्यात रंगकाम करते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तिच्याइतकी सुबक करणारे थोडे. वर्षातले कित्येक महिने ती नगावर राबते. मूर्तीची किंमत वाढते, तिचा नगाचा दर तिथेच. दिल्लीच्या बैठकीत हेच मांडायचं होतं. सहा मिनिटांचं बोलणं तिनं आठ दिवस घोकलं होतं.

तिचं तिकीट पुतण्यानं फोनवरून काढलं. त्यानं साहजिकच तिचं सासरचं नाव घातलं, कारण गावात ती त्याच नावानं ओळखली जाते. आधार कार्डावर मात्र माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. विमानतळाच्या दारावर तिकीट आणि ओळखपत्र ताडून पाहतात. नाव जुळलं नाही. तिथून तिला कंपनीच्या खिडकीशी पाठवलं. तिथे सांगितलं की, हा स्पेलिंगचा फरक नाही, आडनावच वेगळं आहे, नवं तिकीट काढा. नव्या तिकिटाचा त्या वेळचा भाव आठ हजारांच्या वर. बाकीच्या आठजणींनी पदरचे काढले तरी पुरेनात. विमान सुटलं. ती पनवेलला आली आणि एस.टी.नं अर्ध्या तिकिटात घरी परतली. घरी काय ऐकावं लागलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. ती मला एवढंच म्हणाली की, विमानाचं दुःख नाही, माझं बोलणं राहिलं.

बायांनो, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा आपल्या देशात नाही. ती रूढी आहे. पण रूढीनं बाईची दोन नावं केली आणि कागदांनी त्यांचे चार प्रकार केले. आधारवर एक, मतदार यादीत दुसरं, पासबुकावर तिसरं, रेशनकार्डावर नुसतं अमक्याची बायको. पुरुष जन्मभर एका नावानं जगतो, म्हणून त्याला हा प्रश्न पडतच नाही. कुठलं नाव ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, माहेरचं ठेवा की सासरचं. पण ते तुम्ही ठरवलेलं असू द्या आणि सगळ्या कागदांवर एकच असू द्या. तिकिटावर तेच, अक्षर न् अक्षर. कंपनीच्या वेबसाइटवरून तिकीट काढलं असेल आणि नावात किरकोळ चूक राहिली असेल, तर चोवीस तासांच्या आत ती पैसे न देता सुधारून मिळते. म्हणून तिकीट हातात आल्याबरोबर स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या.

नावानंतर फोन. आमच्या नऊजणींपैकी सहाजणींच्या तिकिटावर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर होता. विमानाची वेळ बदलली की निरोप त्या नंबरावर जातो. बाई विमानतळावर आणि बातमी घरी! आणि तिकीट रद्द झालं तर पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. आपल्या बचतीतले पैसे दुसऱ्याच्या खात्यातून भरले तर ते परत कुणाच्या हातात पडतील, याचा विचार करा.

आता पिशवीबद्दल. या विमानांत साधारण सात किलो हातात आणि पंधरा किलो पोटात टाकायला देतात. त्याहून जास्त झालं तर किलोमागे पैसे. आपल्या बाया कुणाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. पण सुकं खोबरं नेऊ देत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं म्हणून. तेलातलं लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही. विळी, कोयता अर्थातच नाही. घरची भाकरी, चटणी, पोह्यांचे पापड मात्र खुशाल न्या. तिथे चहाचे दर ऐकून घशाखाली उतरत नाही.

पास घरून काढता आला नाही म्हणून घाबरू नका. खिडकीवर पास देण्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत असं सरकारनं जुलै २०२२ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. आणि फोनवर खुर्ची विकत घ्या म्हणून कितीही आग्रह झाला तरी पैसे न देता मिळेल ती खुर्ची घेता येते.

परतीच्या वेळी दिल्लीला आमचं विमान तीन तास उशिरा होतं. कुणी काही सांगेना. अशा वेळी आपल्या बायका गुपचूप बसून राहतात, आपल्यालाच काही कळत नाही असं त्यांना वाटतं. पण विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर थांबलेल्या प्रवाशांना खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली म्हणून तुम्हाला मागे ठेवलं आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर भरपाईही मिळते. आमच्यातल्या रोह्याच्या एका मावशी उठल्या, खिडकीशी गेल्या आणि मराठी-हिंदी मिसळून म्हणाल्या की, आम्हाला नियमातलं खाणं द्या. दहा मिनिटांत पुड्या आणि पाणी आलं. आजूबाजूचे कोटवाले साहेबही मग रांगेत उभे राहिले.

विमानात आपल्याला पाणी देणारी मुलगीही कामगार आहे, हे विसरू नका. एके काळी एअर इंडियात हवाईसुंदरीनं पहिलं मूल होणार म्हटलं की नोकरी जायची. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही ही अट मात्र कायम ठेवली. आज भारतात वैमानिकांमध्ये सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. हे कुणी आपणहून दिलेलं नाही.

शेवटी जमिनीबद्दल. हा विमानतळ सुमारे ११६० हेक्टरांवर उभा आहे. त्यासाठी दहा वस्त्या उठल्या. बदल्यात साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा हिशेब झाला. त्या शेतांत लावणी करणारे हात बहुतेक बायकांचे. पण मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, लावणी करणाऱ्या हातांना नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ साली केला, देशानं २००५ साली. तरी कागदावर नाव लावायची वेळ आली की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिकिटावर नाव चुकलं तर बाईला दारातून परत पाठवतात. सातबाऱ्यावर तिचं नावच नसलं, तर कुणी हटकतही नाही.

म्हणून काम नावापासून सुरू करू. सप्टेंबरनंतर, गणपतीचा हंगाम संपला की, आपली दुसरी तुकडी जाणार आहे. त्यात पेणच्या या बाईचं नाव पहिलं आहे. तिच्या आधार आणि पासबुकावरचं नाव एक करण्याचं काम सुरूही झालं आहे. तारीख आपण आधी ठरवू, घरी ती विचारायची नाही, सांगायची.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकीनं आधार कार्ड, रेशनकार्ड आणि पासबुक घेऊन यावं. तिन्हींवरची नावं शेजारी शेजारी ठेवून वाचू, आणि ज्यांची जुळत नाहीत त्यांचे अर्ज तिथेच भरू.