लाभक्षेत्र नसलेले धरण



वर्धा जिल्ह्यात धरणाचा विषय निघाला की चर्चा निम्न वर्धा प्रकल्पाकडे वळते. आर्वी तालुक्यातील धनोडीजवळच्या या धरणाने जमिनी घेतल्या, पण त्याचे कालवेही याच खोऱ्यातील शेतांकडे जातात. सिंचनाच्या धरणाला लाभक्षेत्र असते. ज्याची जमीन बुडाली त्याला कालव्याखालच्या जमिनीत वाटा मिळावा, ही मागणी महाराष्ट्रातील धरणग्रस्तांनी लढून मान्य करून घेतली आणि १९७६ च्या राज्य पुनर्वसन कायद्यात तिला स्थान मिळाले. परंतु केवळ विजेसाठी बांधलेल्या धरणाचे लाभक्षेत्र कोणते?

ते तारांच्या दुसऱ्या टोकाला, दूरच्या शहरात असते. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्यासह सत्याग्रह केला, तेव्हा टाटांच्या धरणाची वीज मुंबईसाठी होती. कोयनेची वीज १९६२ पासून महाराष्ट्राच्या उद्योगाला मिळाली. त्या प्रकल्पाची क्षमता पुढे १९६० मेगावॅटवर गेली. विस्थापित मात्र ठाण्यापासून सोलापुरापर्यंत विखुरले आणि २०१८ सालीही त्यांना जमिनीसाठी कोयनानगरात ठिय्या द्यावा लागला. वीज वापरणाऱ्याकडून जमीन मागता येत नाही, आणि दुसरे काही मागायचे शासनाने मनावर घेतले नाही.

२०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातही हा भेद शिल्लक आहे. सिंचन प्रकल्पात जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला लाभक्षेत्रात शक्यतो किमान एक एकर द्यावी, असे तो म्हणतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी जमिनीची वेगळी तरतूद आहे. वीजप्रकल्पातील इतर शेतकऱ्यांच्या वाट्याला मात्र प्रामुख्याने रोख रक्कम येते. जलाशयात मासेमारीची परवानगी मिळू शकते. नांगरधाऱ्याच्या हाती जाळे द्यावे आणि त्याला पुनर्वसन म्हणावे, हा कोणता न्याय?

हा प्रश्न वर्ध्याला परका नाही. वर्धा नदी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि तेथून खाली इंचमपल्ली येथे महाधरण योजलेले होते. जवळच इंद्रावतीवर भोपालपट्टणमचा जलविद्युत् प्रकल्प होता. या दोन्हींनी गडचिरोली व बस्तरची अरण्ये आणि आदिवासींची गावे बुडाली असती. १९८० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध आवाज उठवणारे बाबा आमटे याच जिल्ह्यातील हिंगणघाटचे. ती धरणे उभी राहिली नाहीत. मात्र गोदावरी-कावेरी जोडणीच्या प्रस्तावांत इंचमपल्लीचे नाव पुन्हा येत राहिले, म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या मागण्या आधीच निश्चित करून ठेवणे इष्ट.

पहिली मागणी कालक्रमाची. पाणी साठवण्यापूर्वी सहा महिने पुनर्वसन पूर्ण व्हावे, असे २०१३ चा कायदाच सांगतो. ते झाले की नाही, हे अधिकाऱ्याच्या दाखल्यावर नव्हे, ग्रामसभेच्या ठरावावर ठरावे.

दुसरी मागणी नदीची. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी अडवले-सोडले की खालच्या पात्रात कधी कोरड, कधी अकस्मात लोंढा. बारमाही किमान प्रवाह आणि पाणी सोडण्यापूर्वी इशारा, या मंजुरीच्या अटी हव्यात.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. २००८ च्या केंद्रीय जलविद्युत् धोरणाने एक टक्का अतिरिक्त वीज स्थानिक विकासासाठी आणि बाधित कुटुंबाला दहा वर्षे दरमहा शंभर युनिटे देऊ केली. तत्त्व मान्य झाले, मर्यादा अमान्य आहे. बुडालेली जमीन दहा वर्षांनी वर येत नाही आणि जनित्रेही दहा वर्षांनी थांबत नाहीत. जोवर वीज विकली जाते, तोवर प्रत्येक युनिटामागे विस्थापितांचा हिस्सा असला पाहिजे.

दिवा लावणाऱ्या नागरिकाला त्यासाठी चार पैसे अधिक पडतील. समाजवादी कार्यकर्त्याने ही गोष्ट धरणाच्या काठावर सांगून भागणार नाही. ती शहरातील वीजग्राहकाच्या दारात जाऊन सांगावी लागेल.