अंकांचा खेळ आणि गणिताची सीमा

कागद व पेन्सिल हाताशीं असेल त्या श्रोत्यानें चार अंकांची कोणतीहि एक संख्या लिहावी. चारहि अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक उतरत्या क्रमानें मांडून होणाऱ्या संख्येंतून चढत्या क्रमानें मांडलेली संख्या वजा करावी, आणि बाकीवर तोच विधि पुन्हां करावा. समजा, १९४७ ही संख्या घेतली. ९७४१ मधून १४७९ वजा जातां ८२६२ उरतात. पुढें क्रमानें ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४ या संख्या येतात, आणि येथें प्रवास थांबतो. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४च उरतात. बाकी तीन अंकी आल्यास आरंभीं शून्य धरावें. मग कोठूनहि निघालें तरी फार तर सात पायऱ्यांत हाच मुक्काम येतो.

नाशिकजवळील देवळालीच्या शाळेंत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं हा नियम १९४९ सालीं प्रसिद्ध केला. संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळवीत जाणें हा त्यांचा आणखी एक छंद होता. २१ मध्यें २ आणि १ मिळविले कीं २४ होतात. २४ पासून ३०, ३० पासून ३३, अशी वंशावळ वाढत जाते. २४ चा जनक २१. १०१ ला तर ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. परंतु २० ला जनकच नाहीं. अशा संख्येस स्वयंभू म्हणतात, आणि स्वयंभू संख्यांना अंत नाहीं हें सिद्ध झालेलें आहे.

यांत गणित किती आणि करमणूक किती? केंब्रिजचे थोर गणिती हार्डी यांनीं १९४० सालच्या आपल्या पुस्तकांत या प्रश्नाचा कठोर निकाल दिला होता. ८७१२ ही संख्या २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे; असली नवलें कोड्यांच्या सदरास शोभतात, गणित्याला त्यांत गोडी नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. हा आक्षेप निराधार नव्हे. ६१७४ चें माहात्म्य दशमान लेखनपद्धतीमुळें आहे. शिवाय चार अंकी संख्या मोजक्याच असल्यानें एकेक तपासूनहि तो नियम सिद्ध करितां येतो.

परंतु मोजकेपणाची ही मर्यादा सुटली कीं प्रश्नाचें स्वरूप पालटतें. ८७ मध्यें त्याचीच उलट संख्या ७८ मिळवावी व बेरजेवर तेंच करीत जावें. १६५, ७२६, १३५३ आणि मग ४८८४ येतात. ही संख्या दोन्हीं बाजूंनीं सारखीच वाचतां येते. १९६ पासून निघालें असतां मात्र अशी संख्या अद्याप हातीं लागलेली नाहीं. यंत्रांच्या साहाय्यानें कोट्यवधि अंकांच्या संख्येपर्यंत लोक जाऊन आले; तरी ती कधींच येणार नाहीं, असें कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं. मोजणें निराळें आणि सिद्ध करणें निराळें, हें येथें शाळकरी मुलासहि उमगतें.

कापरेकरांच्या कार्याची दखल पुष्कळ वर्षें थोड्यांनींच घेतली. मार्च १९७५ मध्यें अमेरिकेंतील एका विख्यात विज्ञान-मासिकांत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि देवळालीचें नांव जगभरच्या गणितप्रेमी वाचकांपर्यंत पोंचलें. १९६ चा प्रश्न मात्र अजून उत्तराची वाट पाहत आहे. आणि तो समजण्यास बेरजेपलीकडे कांहींच यावें लागत नाहीं.