थकवा की सोंग?

ऊसतोडीहून शिरूरला परत आलेला माणूस थकलेलाच असतो. पहाटे कोयता हाती घ्यायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. अंग दुखणारच. पण चार दिवस पोटभर जेवला, नीट झोपला, की हा शीण उतरतो. विसावा घेऊनही जो उतरत नाही, त्या थकव्याविषयी आज बोलायचे आहे.

असा थकवा असला तर आधी रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन बाईचे १२ च्या खाली किंवा पुरुषाचे १३ च्या खाली असले, तर रक्त कमी आहे असे समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५४ जणींचे रक्त कमी निघाले. क्षय, मधुमेह, थायरॉईड यांतही माणूस गळून जातो. यांवर औषधे आहेत.

आमच्या गल्लीतल्या एका सुनेला ताप आला. ताप गेला, थकवा राहिला. सहा महिने लोटले. रात्रभर झोपली तरी सकाळी अंगात त्राण नाही. उभी राहिली की गरगरायचे. चुलीवरचे दूध विसरायची. एक दिवस बरे वाटले म्हणून तिने घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी जी पडली, ती तीन दिवस उठली नाही. रक्त तपासले, तर रिपोर्ट चांगला. झाले! सासू म्हणाली, "समदं चांगलं हाय, मग सोंगच की हे!" खोटे कशाला सांगू, मलाही तसेच वाटले. शाळेत पेंगणाऱ्या पोरांना मी उभेच करीत असे.

पुढे डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले, तेव्हा उलगडा झाला. हा खरा आजार आहे. त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे जुनाट थकव्याचा आजार म्हणतात. तो रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. श्रम केले की थकवा एकदम वाढतो, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, ही त्याची मोठी खूण. म्हणून डॉक्टरांना नुसते 'अशक्तपणा आहे' असे सांगू नका. किती महिने झाले, कशाने वाढतो, झोप कशी लागते, सगळे सांगा.

आणि सलाईनचा हट्ट धरू नका. मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. त्याने हा थकवा जात नाही, पैसे मात्र जातात.

याला हमखास औषध अजून निघालेले नाही. दमण्याआधी बसायचे, काम तोडून तोडून करायचे. ती सून आता एका दिवशी एकच गोधडी धुते. पाण्याची बादली सासू उचलते.