देवालयाची रोषणाई आणि रात्रीचे आकाश



देवालयात दिव्याला जसे स्थान नेमून दिलेले असते, तशीच वेळही नेमून दिलेली असते. गाभाऱ्यातील नंदादीप अहोरात्र तेवतो. काकडा पहाटेचा, सांजवात तिन्हीसांजेची. दीपमाळेवर पणत्या चढतात त्या वर्षातून मोजक्याच रात्री, आणि त्यांत त्रिपुरी पौर्णिमेचा मान मोठा. शेजारती झाली की देव निद्रिस्त होतात आणि नंदादीपावाचून बाकीचे दिवे शांत केले जातात. (दिवा ‘विझविला’ असे न म्हणता ‘शांत केला’, ‘मालवला’ असेच म्हणण्याची घरोघरची रीत आहे.) तेल महाग होते हे या मर्यादेचे एक कारण असेलच. तथापि रात्र ही देवाच्याही विश्रांतीची वेळ होय, हा भावही त्यामागे होता.

विजेने ही मर्यादा उठविली. बटण एकदा दाबले की शिखरावरचे झोतदिवे पहाटेपर्यंत जळत राहतात. त्यांना तेल घालावे लागत नाही, वात पुढे सारावी लागत नाही. त्यामुळे ते मालवण्याची आठवणही कोणास होत नाही. बिल महिन्याच्या अखेरीस येते आणि सर्व भाविकांच्या वर्गणीत ते विरून जाते.

या प्रश्नाचा एक वस्तुपाठ पांढुर्णा-सौंसर भागाच्या अगदी शेजारी घडलेला आहे. हे दोन तालुके 2023 साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर तालुक्यातून वाहत जाणाऱ्या कन्हानला पुढे नागपूर जिल्ह्यात पेंच नदी येऊन मिळते. त्या पेंचच्या काठच्या महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पास जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे राखीव काळोख्या आकाशाचे उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. आशियातील असे ते पाचवे उद्यान. ही मान्यता देणारी संस्था अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात 1988 साली स्थापन झाली आणि तिचे पहिले उद्यान 2007 साली यूटा राज्यात जाहीर झाले. लडाखमधील हान्ले येथील आकाश त्याआधीच, 2022 साली, राखीव म्हणून घोषित झाले होते. परंतु हान्ले हा विरळ वस्तीचा उंच, थंड, ओसाड मुलूख. पेंचभोवती मात्र नांदती खेडी आहेत, आणि म्हणून तेथील उदाहरण अधिक बोलके ठरते.

जंगलात काळोख राखणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते जंगलाच्या सीमेवरील गावांत. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील रस्त्यांवरचे व सार्वजनिक जागांवरचे शंभराहून अधिक दिवे बदलण्यात आले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. गावे अंधारात लोटली गेली नाहीत. केवळ दिव्यांची तोंडे खाली वळविण्यात आली. जो प्रकाश आजवर झाडांच्या शेंड्यांवर आणि ढगांवर सांडत होता, तो आता पायवाटेवर पडू लागला. वाटसरूचे त्यात काहीच गेले नाही.

यावर जो आक्षेप निघतो तो क्षुल्लक नव्हे. ज्या खेड्यांनी पिढ्यान् पिढ्या काळोख सोसला, ज्यांच्या दारी वीज उशिरा पोहोचली, त्यांना उजेड आवरण्याचा उपदेश शहरातील माणसाने करावा, हे शोभत नाही. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते; शेतकऱ्यास ओलितासाठी अपरात्री बांधावर जावे लागते आणि वाटेत बिबट्याची भीती असते. स्त्रियांनाही अंधाऱ्या गल्लीचे भय वाटते. हे भय खरे आहे. त्यास निसर्गप्रेमाचे उत्तर पुरणार नाही. उत्तर आहे ते डोळ्याच्या रचनेत. अंधारास पुरता सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. समोरून येणारा उघडा झगझगीत दिवा ती सवय क्षणात मोडतो. मग दिव्याखालचा भाग लख्ख दिसतो आणि त्यापलीकडची सावली अधिकच काळी भासते. दडून बसणाऱ्यास, मग तो चोर असो की श्वापद, तीच सावली सोयीची! झाकणीचा, जमिनीकडे पाहणारा मंद दिवा वाट अधिक सारखी उजळतो. अशा दिव्याने भय वाढत नाही, किंबहुना कमीच होते.

विजेच्या बचतीचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल 2014 साली तीन शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लगेच 5 जानेवारी 2015 रोजी भारतात ‘उजाला’ योजना व पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 60 वॅटच्या जुन्या बल्बाचे काम 9 वॅटचा दिवा करू लागला. पुढील काही वर्षांत त्या योजनेतून 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. घाऊक खरेदीत तीनशे रुपयांच्या वर असलेली बल्बाची किंमत दोनअडीच वर्षांत चाळिशीच्या आत आली.

परंतु स्वस्ताईचा एक विपरीत परिणाम झाला. दिवा स्वस्त झाला तसे दिवे वाढले. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी 2011 ते 2022 या काळात नोंदविलेल्या एक्कावन्न हजारांवर निरीक्षणांचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार रात्रीच्या आकाशाचा कृत्रिम उजाळा दरवर्षी सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढत होता. या गतीने आठ वर्षांत तो दुप्पट होतो. ज्या आकाशात लहानपणी अडीचशे तारे दिसत, तेथे ते मूल अठरा वर्षांचे होईतो शंभरच उरतील, असे त्या संशोधकांचे गणित आहे.

देवालयापुरते बोलावयाचे तर, शिखराभोवती 400 वॅटचे चार जुने झोतदिवे रात्रभर, म्हणजे दहा तास, जळतात असे समजू. एका रात्रीस 16 युनिट वीज जाते. त्यांच्या जागी 100 वॅटचे एलईडी बसविले तर 4 युनिट. आणि तेच दिवे सांजेपासून शेजारतीपर्यंतचे साडेतीन तासच लावले तर 1.4 युनिट. अनेक मंडळे पहिली पायरी चढून थांबतात आणि ‘आता खर्च कमी झाला’ म्हणून आणखी चार दिवे लावतात. दुसरी पायरी फुकट आहे. तिला फक्त शेजारती करणाऱ्या पुजाऱ्याचे बोट किंवा वेळ लावलेले एक बटण पुरते. पायऱ्या, पाणवठा आणि चपलांची जागा यांवरचे दिवे मात्र रात्रभर असावेत. तेथे काटकसर करणे म्हणजे एखाद्या वृद्ध भाविकाचा पाय मोडणे.

दिव्याचा रंगही पाहावा लागतो. पांढरा-निळसर प्रकाश हवेत अधिक विखुरतो आणि कीटकांस अधिक ओढतो. संत्र्याच्या बागायतदारास हे वेगळे सांगावयास नको: पिकत्या फळातील रस शोषणाऱ्या पतंगासाठी बागेत प्रकाशसापळा लावावयाचा तो याच कारणाने. परंतु सापळा निवड करीत नाही, आणि झोतदिवाही करीत नाही. फुलांवर जाणारे निरुपद्रवी पतंगही त्याच्याभोवती फिरून फिरून गळून पडतात. म्हणून समईच्या ज्योतीशी जुळणारा पिवळसर दिवा, म्हणजे खोक्यावर 3000 केल्विन किंवा त्याहून कमी आकडा छापलेला, देवालयास योग्य. दगडी शिखरही त्यात अधिक खुलते.

त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळ पेटते तेव्हा आवारातील सर्व विजेचे दिवे तासभर मालवावे, ही सूचना काही ठिकाणी जुन्या मंडळींकडूनच येते. ती अंमलात आणण्यास खर्च नाही, ठरावाचीही फारशी गरज नाही. झोतदिव्यांच्या उजेडात तेवणाऱ्या पणत्या कोणास दिसतच नाहीत.

विवाहविधीत वधूस अरुंधती दाखविण्याची चाल आहे. सप्तर्षींतील वसिष्ठाला अगदी लगटून असलेला तो फिकट तारा. चैत्र-वैशाखाच्या लग्नसराईत तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी उत्तरेस चांगला वर आलेला असतो. हल्ली पुरोहित ‘अरुंधती पाहा’ म्हणतात आणि वर मांडवाच्या छताकडे बोट करतो. वधू मान डोलावते. मांडवाबाहेर येऊन, भोवतीचे दिवे दहा मिनिटे मालवून पाहिले, तर तो तारा अजून तेथेच आहे.