पहिल्याच पदवीत सगळी पुंजी घालू नका
(कळंबोली येथे बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मी याच कळंबोलीत वाढलो. अब्बा लोखंड बाजारात हिशेब लिहायचे. बारावीनंतर माझ्यासमोर दोन प्रवेश होते, एक नामांकित खाजगी विद्यापीठात, दुसरा सरकारी कॉलेजात. अम्मी दागिने मोडायला तयार होती. मी सरकारीत गेलो. मित्रांच्या कॅम्पसचे फोटो पाहून वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? आमच्या लॅबमधले कितीतरी संगणक बंद असायचे. पण इंजिनिअर झालो तेव्हा डोक्यावर कर्ज नव्हतं, व्याजाचा प्रश्न घरात आला नाही. म्हणूनच पुढे नोकरी सोडून एम.टेक. करायची हिंमत झाली.

ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी दोन्ही पदव्यांचा खर्च एकत्र मांडावा. गेटचा पेपर सगळ्यांना सारखाच असतो, स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यावर आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये मिळतात. दोन वर्षांचे जवळजवळ तीन लाख. तिथे आधीचं कॉलेज कुठलं, हे मागे पडतं.

परदेशी जायचं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे मार्कांसोबत प्रोजेक्ट आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं पाहतात. चांगल्या खाजगी विद्यापीठाचा खरा फायदा इथे आहे: वर्ग लहान असेल, शिक्षक संशोधन करत असतील, तर ते तुम्हाला ओळखून पत्र लिहितात. सरकारीत हे मागून घ्यावं लागतं. मी तिसऱ्या वर्षी एका मॅडमच्या केबिनबाहेर रोज उभा राहायचो. शेवटी त्यांनी काम दिलं.

आणि सरकारी म्हणजे कमी प्रतीचं, हे मनातून काढा. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ चं. आपल्या रायगडातच, लोणेऱ्याला, १९८९ पासून बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे.

बहिणींनो, तुमच्यासाठी खास. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असाल, तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यावर २०२४-२५ पासून ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना ही योजना लागू नाही. दाखले आत्ताच काढून ठेवा.

खाजगीत जाणारच असाल तर तीन गोष्टी विचारा. चार वर्षांची एकूण फी किती? स्कॉलरशिप चारही वर्षं राहील, हे लेखी देणार का? तुमच्या शाखेतले किती जण पुढे शिकायला गेले, आणि कुठे? जाहिरातीवर जाऊ नका, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून बोला.

एकाच शिष्यवृत्तीच्या भरवशावरही राहू नका. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा पीएच.डी.ची स्वप्नं पाहणाऱ्या कितीतरी मुलांचा हिशेब चुकला.

इस्तिखारा जरूर करा. पण त्याआधी अम्मी-अब्बांसोबत बसून कागदावर सहा वर्षांचा खर्च लिहा. मग ठरवा.